टर्बो पेट्रोल छोटी एसयूव्ही घेतलीय? आधी डिपस्टिक कुठाय ते शोधा

गाडीची डिलिव्हरी घेताना पेढे होतात, हार होतो, चाकाखाली लिंबू होतं, पुठ्ठ्याची मोठी किल्ली हातात धरून फोटो होतो, सनरूफ कसं उघडायचं आणि फोन कसा जोडायचा हे अर्धा तास दाखवतात, पण बोनेट उघडून "ही बघा डिपस्टिक, म्हणजे इंजिन ऑइल किती आहे ते बघायची पट्टी" असं कोणी म्हणत नाही. मलाही नाही दाखवली, आणि मीही विचारलं नाही, कारण आधीची गाडी साधी १२०० सीसीची हॅचबॅक होती, ११ वर्षं वापरली, वर्षातून एकदा सर्व्हिसिंग सोडलं तर तिच्याकडे ढुंकून बघितलं नाही आणि तिनेही कधी कुरकुर केली नाही. टर्बोवाली तशी नाही. नाजूक आहे असंही नाही हां, लगेच घाबरू नका, पण तिचे दोन-तीन हट्ट आहेत आणि ते पुरवायलाच लागतात.

माझ्या गाडीला आता ५२,००० किमी झाले, पुण्यातलं ऑफिसचं रोजचं ट्रॅफिक आणि महिन्यातून एकदा सातारा. कंपनीचं नाव सांगत नाही आणि त्याने फरकही पडत नाही, नेक्सॉन घ्या, व्हेन्यू, सोनेट, फ्रॉन्क्स, मॅग्नाइट, कायलॅक काहीही घ्या, टर्बो पेट्रोल इंजिन असेल तर खालचं जवळपास सगळं लागू आहे.

आधी दोन मिनिटं, आत काय चाललंय

लांबी ४ मीटरच्या आत आणि पेट्रोल इंजिन १२०० सीसीच्या आत असलं की सरकारदरबारी गाडी "छोटी" धरतात, टॅक्स कमी लागतो (२२ सप्टेंबर २०२५ पासून १८ टक्के जीएसटी, त्याआधी २८ टक्के आणि वर सेस). मग कंपन्यांनी काय केलं, इंजिन १ ते १.२ लिटरचं, तीन सिलिंडरचं ठेवलं आणि त्याला टर्बो जोडला. कायलॅकचं इंजिन ९९९ सीसी पण ताकद ११५ पीएस (हॉर्सपॉवरसारखंच ताकदीचं माप), व्हेन्यूच्या टर्बोत ९९८ सीसीतून १२० पीएस. माझी जुनी गाडी १२०० सीसीत ८० च्या आसपास द्यायची.

ही जादू नाही. सायलेन्सरकडे निघालेला गरम धूर वाटेत एका छोट्या पंख्याला फिरवतो, त्याच दांड्याच्या दुसऱ्या टोकाला दुसरा पंखा असतो, तो बाहेरची हवा दाबून इंजिनात कोंबतो, जास्त हवा म्हणजे जास्त पेट्रोल जाळता येतं. हे पंखे मिनिटाला दीड-दोन लाख फेऱ्यांपर्यंत जातात. आणि तो दांडा ज्याच्यावर फिरतो ते काय, तर इंजिन ऑइलचा पातळसा थर. तोच ऑइलचा थर, जे ऑइल तुम्ही "पुढच्या महिन्यात बदलू" म्हणत पुढे ढकलताय.

म्हणून या गाडीत ऑइल, हवा आणि उष्णता या तीनच गोष्टी सांभाळायच्या. बाकीचा अर्धा लेख सर्व्हिस सेंटरच्या बिलातून काय खोडायचं त्याबद्दल आहे म्हणा.

पायरी १ : पहिले हजार-दीड हजार किमी

नवी गाडी आहे, मित्रांना पिकअप दाखवायचा मोह होणारच, थोडं थांबा. पूर्ण अ‍ॅक्सिलरेटर दाबू नका, आणि उलट एकाच स्पीडला तासभर एक्सप्रेसवेवरही पळवू नका, स्पीड कमीजास्त होत राहिला पाहिजे म्हणजे आतले पार्ट नीट बसतात. मॅन्युअलमध्ये नक्की किती किमी ते दिलेलं असतं. मॅन्युअल वाचा खरंच, मी घेतल्यावर आठ महिन्यांनी वाचलं आणि त्या दिवशी मला कळलं की स्टार्ट-स्टॉप, म्हणजे गाडी थांबली की इंजिन आपोआप बंद करणारी सोय, बंद करायचं बटण आहे.

पायरी २ : चालू करताना आणि बंद करताना

सकाळी स्टार्ट केली की दहा मिनिटं गरम करत उभी ठेवायची गरज नाही, ते आपल्या वडिलांच्या काळातलं. अर्धा मिनिट ठेवा, सीटबेल्ट लावा, निघा, फक्त पहिले चार-पाच किमी हळू घ्या. ऑइल गार असताना घट्ट असतं, त्या वेळी सोसायटीच्या गेटमधून बाहेर पडल्या पडल्या गाडी रेटली तर सगळ्यात जास्त झीज तिथेच.

बंद करताना उलटं. गावातल्या गावात फिरून आलात तर लगेच बंद केली तरी चालतं, कारण शेवटचा किलोमीटर पार्किंग शोधण्यातच हळू गेलेला असतो. पण घाट चढून वर आलात, किंवा एक्सप्रेसवेवर १०० ने येऊन थेट फूड मॉलला घुसलात, तर मिनिटभर चालू ठेवा. टर्बो लालबुंद तापलेला असतो, इंजिन बंद केलं की ऑइल फिरायचं थांबतं आणि जे ऑइल टर्बोत अडकलं ते तिथेच करपतं, कढईच्या तळाला तेल चिकटून काळं होतं ना तसं. नव्या गाड्यांमध्ये टर्बोला पाण्याचं कूलिंग असतं, काहींमध्ये गाडी बंद झाल्यावरही पंप आणि फॅन फिरत राहतो (आवाज आला तर घाबरू नका, मी पहिल्यांदा बॅटरीची वायर काढायला निघालो होतो), तरी मिनिटभराने तुमचं काही जात नाही. आणि इथेच ते स्टार्ट-स्टॉप घोळ घालतं, घाटाच्या माथ्यावर टोलच्या रांगेत थांबलात की ते स्वतःच इंजिन बंद करतं. घाटात निघायच्या आधी ते बटण दाबून टाका.

पायरी ३ : ऑइल (हे सावकाश वाचा)

डिपस्टिक बघायची रीत अशी. गाडी सपाट जागेवर, उतारावर नाही. इंजिन बंद करून दहा-पंधरा मिनिटं झालेली, मी तर रविवारी सकाळी गाडी गारच असताना बघतो. पिवळ्या किंवा नारिंगी कडीची पट्टी असते, ती ओढा, जुन्या बनियनच्या फडक्याने पुसा, परत पूर्ण आत घाला, परत काढा आणि आता बघा. पहिल्यांदा काढल्यावर जे दिसतं ते खरं नसतं. खाली एक खूण, वर एक खूण, ऑइल त्यांच्या मधे पाहिजे, शक्यतो वरच्या अर्ध्यात. रंग काळपट झाला म्हणून लगेच बदलायला धावू नका, ऑइलचं कामच घाण उचलायचं आहे. पण पट्टीला पेट्रोलचा वास येतोय, आणि ऑइल वरच्या खुणेच्याही वर दिसतंय, तर लक्ष द्या. घर ते शाळा ते भाजी मंडई असं दोन-दोन किमी गाडी फिरत असेल तर इंजिन कधी पुरतं तापतच नाही आणि न जळलेलं पेट्रोल ऑइलात उतरतं. थेट सिलिंडरमध्ये पेट्रोल मारणाऱ्या इंजिनांत हे जास्त होतं. त्यावर उपाय सोपा, आठवड्यातून एकदा २५-३० किमी सलग चालवून आणा.

महिन्यातून एकदा पट्टी बघा. टर्बो इंजिन थोडंफार ऑइल खातं, ते नॉर्मल आहे. पण एका महिन्यात पट्टी वरून खाली आली तर सर्व्हिस सेंटरला लेखी नोंदवा, तोंडी सांगू नका, वॉरंटीत उपयोगी पडतं.

कुठलं ऑइल? मॅन्युअलमध्ये लिहिलेलं. ०डब्ल्यू-२० (हे आकडे ऑइल किती पातळ-जाड ते सांगतात) लिहिलंय तर तेच, ५डब्ल्यू-३० लिहिलंय तर तेच, कोपऱ्यावरचा मेकॅनिक म्हणतो "साहेब आपल्याकडं गरमी लय, जाड टाकू", त्याला चहा पाजा पण जाड टाकू देऊ नका. फुल सिंथेटिक, आणि डब्यावर एपीआय एसपी (ऑइलच्या दर्जाचा शिक्का) किंवा त्याच्या पुढचं असावं. हा दर्जा २०२० मध्ये आला तो मुद्दाम छोट्या टर्बो इंजिनांचा एक त्रास डोळ्यासमोर ठेवून, इंजिन कमी फेऱ्यांवर (आरपीएम) असताना जोर दिला की ठिणगी पडायच्या आधीच आत पेट्रोल पेटतं तो त्रास. त्याबद्दल पुढच्या पायरीत.

किती दिवसांनी बदलायचं, तर कंपनी म्हणते १०,००० किमी किंवा १ वर्ष, काही १५,००० म्हणतात. मी साडेसात हजारला बदलतो. कारण कंपनीचा आकडा मोकळ्या रस्त्यावर बरोबर आहे, पण सिंहगड रोडला संध्याकाळी साडेसहाला ८ किमीला ५० मिनिटं लागतात, तेव्हा मीटर ८ च किमी दाखवतं आणि इंजिन तासभर चाललेलं असतं. चार लिटरच्या आसपास ऑइल लागतं आणि एक फिल्टर, टर्बो बदलायचा खर्च विचारून बघा म्हणजे ऑइल फुकट वाटेल. फक्त वॉरंटी असेपर्यंत कंपनीची ठरलेली सर्व्हिसिंग चुकवू नका, मधली जास्तीची बदली त्याच्या वर.

पायरी ४ : गिअर कमी करायला लाजू नका

साध्या इंजिनाची सवय असलेले लोक इथेच चुकतात. इंजिन १५००-१६०० फेऱ्यांच्या (आरपीएम) खाली असताना टर्बोत फारसा दम नसतो, गाडी मेल्यासारखी वाटते, मग माणूस पाय अजून दाबतो, आणि १८०० ला आली की एकदम पुढे उडी. अ‍ॅव्हरेज वाढवायला म्हणून ३५ च्या स्पीडला पाचव्या गिअरमध्ये गाडी घुसमटवत चालवणं आणि चढावर त्याच गिअरमध्ये अ‍ॅक्सिलरेटर तळाला नेणं, वर म्हटलेला तो आधीच पेटण्याचा प्रकार नेमका असाच होतो. गिअर खाली टाका, फेऱ्या २००० च्या वर येऊ द्या, मग द्या जोर. इंजिन ओरडलं तर ओरडू दे, घुसमटण्यापेक्षा ओरडणं बरं.

घाट उतरताना न्यूट्रल अजिबात नाही, ज्या गिअरमध्ये चढलात साधारण त्याच गिअरमध्ये उतरा. ताम्हिणी उतरून कोकणात येईपर्यंत ब्रेकचा जळका वास येणाऱ्या गाड्या दर पावसाळ्यात दिसतात.

ऑटोमॅटिक घेतलीत तर कुठली ते माहीत करून घ्या. ड्युअल क्लचवाली असेल तर चढावरच्या ट्रॅफिकमध्ये ब्रेक सोडून इंच इंच सरकू नका, आत क्लच घासत असतो आणि तापतो, पुढे एक गाडीभर जागा झाली की मग हला. टॉर्क कन्व्हर्टरवाली (क्लचऐवजी ऑइलमधून ताकद पोचवणारी) याबाबतीत निवांत. चढावर अ‍ॅक्सिलरेटरवर गाडी धरून उभं राहणं मात्र कुठल्याच प्रकारात नाही, हँडब्रेक कशाला दिलाय.

पायरी ५ : हवेचा रस्ता

एअर फिल्टर धुळीने चोंदला की टर्बोला जास्त दम लावून हवा ओढावी लागते. मॅन्युअलमध्ये बदलायचा आकडा मोठा असतो, पण रस्त्याचं काम चालू असलेल्या भागात राहता (म्हणजे पुण्यात राहता) तर प्रत्येक सर्व्हिसिंगला तुमच्यासमोर काढून बघायला लावा. चार क्लिपा असतात, स्वतःही काढता येतो.

फिल्टरपासून टर्बो, टर्बोपासून इंटरकूलर (दाबून तापलेली हवा गार करणारी जाळी) आणि तिथून इंजिन असे रबरी होज पाइप असतात आणि प्रत्येकाच्या तोंडाला लोखंडी क्लॅम्प. या क्लॅम्पने मला जानेवारीत धडा दिला. तीन दिवस आधी सर्व्हिसिंग झालेली, मी न सांगता बिलात "थ्रॉटल बॉडी क्लीनिंग" (इंजिनात जाणारी हवा कमीजास्त करणाऱ्या झडपेची सफाई) लागलेलं, भांडायला वेळ नव्हता, पैसे भरले. शनिवारी सकाळी बायको, आई, दोन पोरं आणि डिकीत साताऱ्याच्या काकांचं सामान असे निघालो, सातारा रस्त्यावरच्या खंडाळ्यापर्यंत मस्त, आणि खंबाटकी घाटाच्या तिसऱ्या वळणावर बोनेटखालून "फुस्स" असा मोठा आवाज झाला आणि गाडीतला जीवच गेला. अ‍ॅक्सिलरेटर तळाला, आवाज वाढतोय, गाडी ३० च्या वर जाईना, चेक इंजिनचा पिवळा दिवा लागलेला. आई मागून म्हणाली, "अरे एसटीपण पुढे गेली की रे."

एसी बंद केला, दुसऱ्या गिअरमध्ये रडतखडत जागा मिळेल तिथपर्यंत नेली, बोनेट उघडलं तर इंजिनावरचा जाड काळा पाइप तोंडातून निसटून बाजूला लोळत होता आणि त्याचा क्लॅम्प सैल, बोटाने गोल फिरत होता. थ्रॉटल साफ करायला काढला आणि परत आवळायचा राहिला, एवढंच. वीस मिनिटं गार होऊ दिलं, एका ट्रकवाल्याकडून स्क्रू ड्रायव्हर मागून घेतला, पाइप पुसून पूर्ण आत ढकलला, क्लॅम्प आवळला, गाडी पहिल्यासारखी. दिवा साताऱ्याला पोचून दोन-तीनदा चालू-बंद केल्यावर गेला. पाइप निघालेल्या गाडीला घरापर्यंत नेत बसू नका बरं का, त्या तोंडातून फिल्टर न झालेली धूळ सरळ इंजिनात जाते. आणि डिकीत एक स्क्रू ड्रायव्हर, टॉर्च आणि जाड कापड ठेवाच.

तेव्हापासून ओढ एकदम कमी झाली आणि फुसफुस आवाज येतोय म्हटलं की मी आधी पाइप बघतो. शिट्टीसारखा बारीक आवाज मात्र टर्बोचा स्वतःचाच असतो, तो पहिल्यापासून होता का ते आठवा. शिट्टी अचानक वाढून सायरनसारखी झाली, किंवा मागून निळसर धूर येऊ लागला, तर टर्बोतून ऑइल जात असू शकतं, मग गाडी चालवू नका, टोइंग बोलवा. आणि लाल ऑइलचा दिवा लागला तर पुढचा पेट्रोल पंपसुद्धा गाठायचा नाही, तिथेच बाजूला, तिथेच बंद.

पायरी ६ : कूलंट

थोडक्यात. गार इंजिनावर कूलंटच्या टाकीची पातळी बघा, गरम असताना झाकण उघडू नका, बोअरचं किंवा नळाचं पाणी ओतू नका, क्षार बसतात. कंपनीचा ठरलेला कूलंट, रंग बघून मिक्स करायचं नाही. सारखा कमी होत असेल तर कुठेतरी गळतोय, भरत बसू नका, शोधायला लावा.

पायरी ७ : पेट्रोल आणि सीएनजी

पंपावर आता ई२०, म्हणजे २० टक्के इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल मिळतं. एप्रिल २०२३ नंतर बनलेल्या गाड्या त्याला चालतात, जुनी सेकंडहँड घेत असाल तर टाकीच्या झाकणावरचं स्टिकर आणि मॅन्युअल बघा. इथेनॉलमध्ये लिटरमागे ऊर्जा पेट्रोलपेक्षा साधारण एक तृतीयांशाने कमी, म्हणून अ‍ॅव्हरेज थोडं उतरतं. मला सिटीत ११, हायवेला १६-१७ मिळतं, ब्रोशरवरचा आकडा विसरा. टर्बोचं अ‍ॅव्हरेज पूर्णपणे उजव्या पायावर आहे, ८०-९० ला शहाण्यासारखी चालवली तर साध्या गाडीएवढं, ओव्हरटेकच्या नादाला लागलात तर टँकर लावावा लागेल.

बाहेरून सीएनजी किट बसवायचा विचार करत असाल तर नको. कंपनीनेच दिलेली टर्बो सीएनजी वेगळी, नेक्सॉनमध्ये २०२४ ला आली, तिचं सगळं त्यासाठीच जुळवलेलं असतं. रीमॅप करून, म्हणजे इंजिनाच्या कॉम्प्युटरचं सेटिंग बदलून ताकद वाढवायचं म्हणाल तर वॉरंटी संपते, आणि तीन सिलिंडरकडून अजून किती काढणार.

पायरी ८ : इन्शुरन्स आणि पावसाळा एकत्रच

एक गंमत, थर्ड पार्टीचा हप्ता ताकदीवर नाही, सीसीवर ठरतो. जून २०२२ च्या दरांत १००० सीसीपर्यंत वर्षाला २,०९४ रुपये आणि १००० ते १५०० सीसीला ३,४१६. म्हणजे ९९८ सीसीची १२० पीएसची गाडी जुन्या अल्टोच्या रांगेत बसते. हे वाचलेले पैसे इंजिन प्रोटेक्ट या जास्तीच्या कव्हरमध्ये घाला. कारण साध्या पॉलिसीत पाणी जाऊन इंजिन खराब झालं तर सहसा हात वर करतात.

साचलेल्या पाण्यात गाडी बंद पडली तर परत स्टार्टर मारायचा नाही. नाही म्हणजे नाही. पाणी दाबलं जात नाही, पिस्टन त्याच्यावर आदळतो आणि कनेक्टिंग रॉड वाकतो. ढकला, टो करा, मागचा कितीही हॉर्न वाजवू दे. आणि छोटी एसयूव्ही उंच असली तरी हवा ओढायचं तोंड बहुतेकदा बोनेटच्या पुढच्या कडेलाच असतं, समोरून बस आली की तिची लाट तिथवर येते.

पायरी ९ : सर्व्हिस सेंटरचं बिल

पहिल्या फ्री सर्व्हिसिंग म्हणजे मजुरी फ्री, ऑइल-फिल्टरचे पैसे पडतातच, तिथे वाद घालू नका. वाद इथे घाला : इंजिन फ्लश, ऑइलमध्ये टाकायची बाटली, एसी डिसइन्फेक्शन, तीन महिन्यांनी परत थ्रॉटल क्लीनिंग. जॉब कार्डवर सही करायच्या आधी पेनाने खोडा आणि "विचारल्याशिवाय जास्तीचं काम नको" असं स्वतःच्या हाताने मराठीत लिहा, माझ्या अनुभवात हे फोनवरच्या दहा मिनिटांच्या बोलण्यापेक्षा भारी पडतं. खोडायच्या नसतात अशा गोष्टी : ब्रेक ऑइल, अलाइनमेंट, आणि स्पार्क प्लग. टर्बोत प्लगला जास्त सोसावं लागतं, मॅन्युअलमधल्या किमीला बदला आणि त्याच नंबरचे घ्या. बॅटरी बदलताना स्टार्ट-स्टॉपवाल्या गाडीला साधी स्वस्त बॅटरी चालत नाही, जुन्या बॅटरीवर ईएफबी किंवा एजीएम काय लिहिलंय ते बघून तीच मागा.

टायरची हवा ड्रायव्हरच्या दारातल्या स्टिकरवर लिहिलेली असते, पंपावरचा पोरगा सगळ्यांनाच ३५ मारतो, त्याला आकडा सांगा.

आणि उंदीर. बेसमेंट पार्किंग असेल तर उंदीर गरम इंजिनावर येऊन बसतात आणि वायरी कुरतडतात, माझ्या शेजाऱ्याची गाडी दिवाळीच्या सुट्टीत आठ दिवस उभी होती, परत आल्यावर चालूच होईना. मी तंबाखूची पानं जाळीच्या पिशवीत बांधून बोनेटखाली एका कोपऱ्यात, गरम भागापासून लांब अडकवतो, दर पंधरा दिवसांनी पिशवी बदलतो, आणि बोनेट उघडलंच आहे म्हणून त्याच वेळी पट्टीही बघून घेतो.